आधी सॅम्पल, मग इंजेक्शन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याला कारेलीबागेत राहते, माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता रिटायर आहे. घरी एक देशी कुत्री आणि दोन मांजरं आहेत, शिवाय सोसायटीतली बाहेरची मंडळी आहेत ज्यांचं जेवण आमच्याच ओट्यावर होतं. पत्र लिहायचं कारण एकच आहे आणि ते इथेच सांगून टाकते, कारण बरेच जण पत्र अर्धंच वाचतात. कुत्रं किंवा मांजर आजारी पडलं, दवाखान्यात नेलं, की पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी त्याचं दोन एमएल रक्त काढून ठेवायला सांगा. मांजर किंवा छोटं पिल्लू असेल तर एक एमएलसुद्धा चालतं. टेस्ट कुठली करायची, करायची की नाही, आज पैसे आहेत की नाहीत, हे सगळं उद्या ठरवता येतं, पण औषध एकदा अंगात गेलं की ते औषधाआधीचं रक्त परत मिळत नाही.

आपल्याकडे काय होतं ते प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. ताप आहे, खात नाहीये, कोपऱ्यात बसून राहतोय म्हणून आपण घेऊन जातो, टेबलावर ठेवतात, थर्मामीटर लावतात, आणि मग तापाचं एक, अँटिबायोटिकचं एक, बऱ्याचदा स्टिरॉइडचं एक आणि वर बी कॉम्प्लेक्स अशी इंजेक्शनं होतात, आणि संध्याकाळी कुत्रं शेपटी हलवत भाकरी मागतं म्हणून आपण खुश. स्टिरॉइडने ताप उतरतो, भूक लागते, सूज जाते, हे कुठल्याही रोगात होतं, त्यावरून रोग कुठला होता ते काहीच कळत नाही. मग दोन-तीन दिवसांनी तेच कुत्रं जास्त आजारी होऊन परत येतं आणि तेव्हा कुणीतरी म्हणतं की आता ब्लड करून बघू.

आमच्या शेजारच्या बेनचा ब्रूनो, लॅब्रेडॉर, त्याचं नेमकं हेच झालं. ताप होता, कानामागे गोचीड सापडली होती, जवळच्या एका दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण ही एका दवाखान्याची गोष्ट नाहीये, सवयच तशी पडलीये सगळीकडे. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि सांगितलं, "टिक फीवर छे, मटी जशे." म्हणजे गोचिडीचा ताप आहे, बरा होईल. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) चालू केलं, सोबत स्टिरॉइड. दोन दिवस ब्रूनो एकदम फ्रेश, आणि मग असा पडला की उठेना, हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद तपकिरी. तेव्हा पहिल्यांदा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पडलेलं, प्लेटलेट पडलेल्या, लिव्हरचं एएलपी हे एन्झाइम भरमसाट वाढलेलं, आणि एर्लिकियाची, म्हणजे टिक फीवरच्या एका जंतूची, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह.

आता या रिपोर्टचं करायचं काय? एर्लिकियाची पीसीआर डॉक्सी सुरू झाल्यावर केली तर निगेटिव्ह येऊ शकते, कारण औषधाने रक्तातले जंतू कमी झालेले असतात, त्यामुळे तो निगेटिव्ह म्हणजे रोग नव्हता असं नाही आणि होता असंही नाही. एएलपी वाढलं म्हणून लिव्हर टॉनिक सुरू झालं, पण कुत्र्याच्या लिव्हरची एक खासियत आहे जी माणसात नाही, स्टिरॉइड दिलं की कुत्र्याचं एएलपी आपोआप वाढतं, त्याचा एक वेगळा प्रकारच तयार होतो. मग हे वाढलेलं एएलपी रोगाचं की त्या इंजेक्शनचं? पांढऱ्या पेशींचंही तेच, स्टिरॉइड दिल्यावर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट, इओसिनोफिल खाली जातात. म्हणजे पैसे भरले, रिपोर्ट आला, आणि रिपोर्टातला एक आकडा धड वाचता येत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

शेवटी त्याला गाडीत घालून आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, इथून चाळीसेक किलोमीटर. मीही बरोबर गेले. तिथे कानाच्या टोकाला बारीक टोचून आलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, दुसऱ्या पट्टीच्या कडेने सरळ पुढे ओढला, वाळवला, स्टेन केला, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून रंग दिला. कानाच्या टोकाचं रक्त एवढ्यासाठी की परजीवी असलेल्या लाल पेशी तिथल्या बारीक केशवाहिन्यांत जास्त अडकतात, त्यामुळे सापडायचा चान्स वाढतो. मी लॅबवाली आहे असं कळल्यावर तिथल्या मुलीने मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. ऑइल लेन्सखाली लाल पेशी दिसत होत्या आणि मधूनच एखाद्या पेशीच्या आत अगदी बारीक निळसर कडी, कडेला एक गडद ठिपका. एकदा दिसली की मग दिसतच राहते. बबेसिया, त्यातला लहान, गिब्सोनी. तोही गोचिडीनेच येतो, प्लेटलेट तोही पाडतो, बाहेरून बघून एर्लिकिया आणि बबेसियात फरक करणं कुणालाही शक्य नाही, आणि नुसत्या डॉक्सीने हा बरा होत नाही. बबेसियातसुद्धा मोठा असेल तर इमिडोकार्बचं इंजेक्शन चालतं, हा लहान त्याला दाद देत नाही, याला ॲटोवाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन लागतं. म्हणजे नुसतं "टिक फीवर" एवढं म्हणून भागत नाही, कुठला ते कळायला हवं, आणि ती एक काचपट्टी पहिल्याच दिवशी बनवली असती तर ब्रूनोच्या शरीरातलं निम्मं रक्त वाया गेलं नसतं. तो वाचला, पण रक्त चढवावं लागलं. एर्लिकिया सोबत होता की नव्हता हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता कधी कळणारही नाही.

ही काचपट्टी जगातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते. काच, थोडा स्टेन, आणि बघणारा माणूस. मशीनचा सीबीसी हवाच, पण मशीन पेशी मोजतं, पेशीच्या आत काय बसलंय ते सांगत नाही.

आणि मशीनवरून आमच्याच लाइनीतल्या लोकांना थोडं बोलायचंय. बडोद्यात बऱ्याच वेळा कुत्र्यामांजराचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये जातं, जवळ असते, ओळखीची असते, रिपोर्ट संध्याकाळी मिळतो. पण माणसाची लाल पेशी साधारण ८० ते १०० फेम्टोलिटरची (हे पेशीच्या आकाराचं माप), कुत्र्याची ६० ते ७७, मांजराची जेमतेम ४० ते ५५. आणि मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात, शिवाय नळीत एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात. माणसांसाठी सेट केलेलं मशीन मांजराच्या रक्तात लाल पेशी कुठे संपली आणि प्लेटलेट कुठे सुरू झाली यातच गोंधळतं. मग रिपोर्ट येतो प्लेटलेट वीस हजार, घरात रडारड, कुणीतरी पपईच्या पानांचा रस पाजायला सांगतं, आणि स्मिअर, म्हणजे तीच रक्ताची काचपट्टी, बघावी तर प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे, मांजर ठणठणीत. रिपोर्टावर बाजूला जी नॉर्मल रेंज छापलेली असते तीही माणसाचीच असते, त्यामुळे जो आकडा ठळक अक्षरात येतो तो कुत्र्यासाठी नॉर्मल असू शकतो आणि जो साधा छापलाय तो धोक्याचा असू शकतो. लॅबवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, जनावराचं सॅम्पल घ्यायचं असेल तर मशीनमध्ये त्या जनावराची सेटिंग असली पाहिजे, रिपोर्टवर कुत्रा की मांजर ते लिहिलं पाहिजे आणि रेंज त्याचीच छापली पाहिजे, ते जमणार नसेल तर सॅम्पल घेऊ नका, सरळ व्हेटर्नरी लॅबचा रस्ता दाखवा.

औषधाआधी सॅम्पल ही गोष्ट नुसत्या तापापुरती नाहीये. म्हातारं कुत्रं खूप पाणी पितं, खूप लघवी करतं, एक दिवस उलट्या सुरू होतात आणि आपण नेतो, तिथे लगेच सलाइन. सलाइन गरजेचं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं आलं तर ते किडनी गेल्यामुळे की नुसतं अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, हे ओळखायला लघवी किती घट्ट आहे ते बघावं लागतं आणि सलाइन चढल्यावर लघवी पातळ होणारच, मग ती टेस्ट फुकट गेली. लघवीचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि आकडा वाचायचा, एवढंच काम आहे. कुत्र्यात साधारण १.०३० च्या वर आणि मांजरात १.०३५ च्या वर असेल तर किडनी पाणी धरून ठेवतेय असं समजतात. (माणसांच्या लघवीच्या पट्टीवर हाच आकडा असतो, पण कुत्र्यामांजरात त्या चौकोनावर विश्वास ठेवू नका, पट्टीवरच्या पांढऱ्या पेशींच्या चौकोनावर मांजरात तर मुळीच नाही.) आणि क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नये, किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्यावर ते वर यायला लागतं, एसडीएमए नावाची टेस्ट त्याच्या बरीच आधी इशारा देते. सात-आठ वर्षांच्या पुढच्या कुत्र्यामांजराची वर्षातून एकदा सकाळची लघवी आणि रक्त बघून घेतलं तर निदान पथ्य तरी वेळेवर सुरू होईल.

लघवीला त्रास होतोय म्हणून अँटिबायोटिक सुरू करतात तिथेही आधी कल्चरला लघवी गेली पाहिजे. खाजेला इंजेक्शन देतात तिथे आधी चामडीची खरवड. डेमोडेक्स नावाचा किडा केसांच्या मुळाशी राहतो, त्यासाठी किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडावं लागतं, बघायला वाईट वाटतं पण तेव्हाच तो सापडतो, आणि हा किडा असेल तर खाजेचं स्टिरॉइड त्याला वाढायला मोकळं रान देतं. गळ्याच्या गाठी सुजल्या तर आधी सुईने गाठीतल्या पेशी काढून बघा, मग स्टिरॉइड, कारण लिम्फोमा असेल तर स्टिरॉइडने गाठी काही दिवस बसतात, आपण बरं झालं म्हणून घरी येतो, निदान अवघड होऊन बसतं आणि पुढे किमोथेरपीचा गुणही कमी येतो.

मांजरांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण मांजर हे छोटं कुत्रं नाही हे आपल्याकडे अजून नीट उतरलेलं नाहीये. मांजर दवाखान्यात आलं की घाबरतं, आणि घाबरलेल्या मांजराची शुगर डायबेटिस वाटावा इतकी वर जाऊ शकते. एका शुगरवर इन्सुलिन सुरू करू नका, फ्रुक्टोसामाइन करा, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, घाबरण्याने ती बदलत नाही. लहान पिल्लाची एफआयव्हीची (मांजरांचा एड्ससारखा विषाणू) किट पॉझिटिव्ह आली म्हणून त्याला कुणी घराबाहेर काढू नये, आईकडून आलेल्या अँटिबॉडी सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, नंतर परत टेस्ट करायची. आणि पिल्लाचं पोट पाण्याने फुगलं तर लघवीचं औषध देऊन ते पाणी उतरवायच्या आधी त्यातलं थोडं काढून बघायचं. ही टेस्ट मी स्वतः बघितली आहे. टेस्ट ट्यूबमध्ये डिस्टिल्ड वॉटर, त्यात ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब, हलवलं, आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब हळूच सोडला. थेंब विरघळला तर पाणी वेगळ्या कारणाचं, पण तो थेंब विरघळला नाही, शिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखा अखंड राहून सावकाश तळाकडे गेला. रिवाल्टा म्हणतात तिला. पॉझिटिव्ह म्हणजे एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा रोग) पक्कीच असं नाही, पुढच्या टेस्ट लागतात, पण पूर्वी एफआयपी म्हणजे हात टेकायचे, आता जीएस-४४१५२४ या औषधाने मांजरं बरी होतात, मग आता निदान लवकर होण्याला किती किंमत आली ते बघा. आणि जाता जाता, मांजराला पॅरासिटामॉल कधीही, कितीही थोडं, देऊ नका, जीव जातो.

आता आपल्या शहराची गोष्ट. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा काय झालं ते समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. लोकांना मगरी दिसल्या, सगळ्यांनी फोटो काढले, पण पाणी उतरल्यावर जो चिखल राहतो आणि त्यात जे उंदीर फिरतात त्याचा फोटो कुणी काढत नाही. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून त्या पाण्यात येतो, कुत्री त्याच पाण्यातून चालतात, तेच पितात. ताप, उलट्या, डोळे पिवळे, लघवी बंद. आणि हा रोग माणसालाही होतो, दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाडकडे शेतात पाण्यात उभं राहून काम करणाऱ्यांना तो चांगलाच माहिती आहे. इथे तर औषधाआधीच्या सॅम्पलला डबल किंमत आहे. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, नंतर लघवीत उतरतो, म्हणून पीसीआरला रक्त आणि लघवी दोन्ही द्यावी, अँटिबायोटिकच्या आधी. अँटिबॉडीची मॅट नावाची टेस्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, ती दोन ते चार आठवड्यांनी परत करून आकडा किती वाढला ते बघायचं असतं. लस दिलेली असेल तर तारीख सांगायची, कारण लसीनेही आकडा येतो. कुत्र्याला लेप्टो निघाला तर घरातल्या लोकांना कळतं की लघवी पुसताना ग्लव्हज घालायचे, ताप आला तर फॅमिली डॉक्टरला आधी हे सांगायचं. अंदाजपंचे अँटिबायोटिक देऊन कुत्रं बरं झालं तर ही बातमी घरात पोहोचतच नाही.

कुत्र्याच्या पिल्लांच्या पार्व्होबद्दल, म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण करणाऱ्या विषाणूबद्दल, थोडक्यात. शीची किट दहा मिनिटांत सांगते, पण नुकतीच लस टोचली असेल तर लसीतल्या विषाणूमुळे काही दिवस खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि फार लवकर केली तर खोटी निगेटिव्ह. सोबत पांढऱ्या पेशी बघा, पार्व्होत त्या धाडकन पडतात.

काही ठिकाणी मात्र टेस्टची वाट बघायचीच नाही. बोक्याची लघवी अडकली, सारखा बसतोय आणि थेंब येत नाही, तर आधी ती मोकळी करायची, त्यात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. अपघात, झटके, श्वास लागणं, आधी जीव. पण तिथेसुद्धा सलाइनसाठी कॅन्युला लावतातच ना, त्याच सुईतून सलाइन जोडायच्या आधी दोन एमएल काढून घेता येतं, एक टोचणीही जास्त होत नाही आणि अर्धा मिनिटही जात नाही. आणि कुत्रा चावला तर कुत्र्याच्या टेस्टच्या नादाला लागूच नका, जिवंत कुत्र्यात रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगणारी टेस्ट नाही, मेल्यावर मेंदू तपासूनच कळतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सयाजी हॉस्पिटल नाहीतर जवळचं सरकारी केंद्र गाठायचं, लस त्याच दिवशी.

लोक म्हणतात टेस्ट महाग पडतात. पडतात, माझं पेन्शनवर घर चालतं, मला कळतं. म्हणून तर म्हणते की काढून ठेवा. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं, लाल झाकणाच्या नळीत थोडं, आणि एक-दोन काचपट्ट्या तिथल्या तिथे बनवून वाळवून. नळीवर नाव, तारीख, वेळ. जांभळी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस पीसीआरसाठी राहते, लालमधलं रक्त गोठल्यावर सीरम वेगळं करून ठेवायचं. एक दिवस थांबून कुत्रं सुधारलं तर नळी टाकून द्या, खर्च दोन नळ्यांचा. नाही सुधारलं तर तुमच्या हातात पहिल्या दिवसाचं रक्त आहे. फक्त जांभळ्या नळीतलं लाल नळीत ओतू नका, असं करताना मी शिकलेल्या लोकांना पाहिलंय, जांभळीत पोटॅशियमचं मीठ असतं, रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम पडलेलं येतं आणि सगळे घाबरतात. मे महिन्यात नळी स्कूटरच्या डिकीत टाकून फिरू नका, पेशी फुटतात, आणि बर्फावरही थेट ठेवू नका, तेव्हाही फुटतात, मध्ये कपडा घाला.

डॉक्टरांवर माझा राग नाहीये, हे नीट लिहिते. आमच्या बडोद्यात रात्री दोनला फोन उचलणारे डॉक्टर मी बघितलेत. त्यांच्याकडे गर्दी असते, मालक विचारतो "इंजेक्शनने बरा होईल ना, टेस्ट कशाला," आणि टेस्ट सांगितली की तोच मालक दुसऱ्या दवाखान्यात जातो. म्हणजे यात आपणही आहोत. आपण स्वतःहून म्हटलं की डॉक्टर, आधी सॅम्पल घ्या, तर बहुतेक डॉक्टरांना आनंदच होईल. आणि रिपोर्ट मागून घ्या, कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर, फक्त "सगळं बरोबर आहे" ऐकून येऊ नका, पुढच्या वर्षी तुलना करायला तोच आकडा लागतो.

खंडेराव मार्केटात बसणाऱ्या महापालिकेच्या लोकांकडे आणि राज्याच्या पशुपालन खात्याकडे माझं मागणं मोठं नाही. शहरात एक जागा ठरवा जिथे कुठल्याही डॉक्टरकडून आलेलं कुत्र्यामांजराचं सॅम्पल घेतलं जाईल, ठरलेल्या दिवशी थंड डब्यातून आणंदला जाईल, आणि दराची पाटी बाहेर लावलेली असेल. चाळीस किलोमीटर नळीने जावं, तापलेल्या कुत्र्याने का जावं? रस्त्यावरच्या जनावरांसाठी १९६२ या फोन नंबरची करुणा ॲम्ब्युलन्स येते, फार मोठं काम आहे ते, तिच्या कर्मचाऱ्यांनी आजारी कुत्र्याला औषध देताना आधी एक काचपट्टी आणि एक नळी घ्यावी, म्हणजे कुठल्या भागात कुठला गोचिडीचा रोग फिरतोय, कुठे लेप्टो निघतोय, हे शहराला पावसाळ्याच्या मध्येच कळेल.

आणि तुमच्याकडे एक मागणं. पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही डेंग्यू मलेरियाची माहिती छापता, तशी या वर्षी जून लागायच्या आत पाव पान कुत्र्यामांजरांना द्या, एखाद्या व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या, कुत्र्याच्या आणि मांजराच्या नॉर्मल रेंज वेगवेगळ्या दोन रकान्यांत छापा, कात्रण काढून फ्रिजवर लावता येईल एवढ्या आकारात. आमच्या सोसायटीत मी त्याच्या झेरॉक्स वाटायला तयार आहे, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या ओळखीच्या घरांतही देऊन येईन.

आपली,
एक वाचक
कारेलीबाग, बडोदे